झील धरणारे

१९६१ सालचा उन्हाळा. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात पार्चमन नावाचा एक कुप्रसिद्ध तुरुंग आहे, तिथल्या कोठड्या त्या उन्हाळ्यात तरुण मुलामुलींनी भरल्या होत्या. काही काळे, काही गोरे. बसस्थानकांवर काळ्यांनी आणि गोऱ्यांनी वेगळं बसायचं, हा नियम त्यांनी जाणूनबुजून मोडला होता. एकट्या जॅक्सन शहरात तीनशेहून अधिक जणांना अटक झाली आणि त्यांतल्या पुष्कळांची रवानगी पार्चमनला झाली. कोठडीत ती मुलं गात असत. एका कोठडीतून ओळ सुरू व्हायची, पलीकडची कोठडी ती उचलायची. पहारेकऱ्यांनी बजावलं, गाणं बंद करा, नाहीतर गाद्या काढून नेऊ. त्या कोठडीत हिरावून घेण्याजोगं होतं तरी काय? एक गादी, एक टूथब्रश. मुलांनी गाद्या देऊन टाकल्या, लोखंडाच्या पत्र्यावर पाठ टेकली आणि गाणं चालू ठेवलं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारी आयोगाचा आदेश निघाला आणि १ नोव्हेंबरपासून आंतरराज्य बसस्थानकांवरच्या 'फक्त गोऱ्यांसाठी' या पाट्या बेकायदा ठरल्या.

आता प्रश्न असा: हा बदल गाण्याने घडवला का? सरळ उत्तर द्यायचं तर नाही. बदल घडवला तो भरत चाललेल्या तुरुंगांनी, जमावाने पेटवून दिलेल्या त्यांच्या एका बसच्या जगभर छापून आलेल्या छायाचित्राने आणि त्यामुळे अडचणीत आलेल्या केंद्र सरकारने. पण तुरुंग भरत राहिले ते कशामुळे? पहिली तुकडी आत गेल्यावर दुसरी आली, तिसरी आली, आणि आत गेलेल्यांपैकी बहुतेक जण आठवडेच्या आठवडे टिकले. हे टिकणं म्हणजेच त्या लढ्याचं सगळं भांडवल होतं. आणि टिकण्याचं एक साधन गाणं होतं.

निषेधाच्या गाण्यांबद्दल आपण बोलतो तेव्हा नेमकं हेच सुटतं, असं मला वाटतं. चर्चा दोन टोकांना होते. एका टोकाला भाबडे भक्त, त्यांच्या मते एका गाण्याने साम्राज्य कोसळतं. दुसऱ्या टोकाला स्वतःला व्यवहारी म्हणवणारे, त्यांच्या मते गाणं म्हणजे फक्त वाफ दवडणं. कायदे होतात ते मतपेटीने, संपाने आणि न्यायालयाने. दोघेही एकाच गैरसमजावर उभे आहेत. गाणं ऐकणाऱ्यावर, त्यातही विरोधकावर किंवा काठावरच्या माणसावर काय परिणाम करतं, हाच प्रश्न दोघांच्या मनात असतो. मला वाटतं, गाण्याचं खरं काम गाणाऱ्यावर होतं.

पोवाड्याच्या परंपरेत यासाठी नेमका शब्द आहे. शाहीर पुढे उभा राहून डफावर थाप मारतो आणि कडवं टाकतो, त्याच्या मागे उभे असलेले ओळीचं शेवटचं टोक उचलून धरतात. त्यांना झीलकरी म्हणतात, आणि ते जे करतात ते झील धरणं. निषेधाच्या संगीताचा इतिहास आपण आजवर शाहिरांचा इतिहास म्हणून लिहिला. तो झीलकऱ्यांचा इतिहास आहे, हे मला या लेखात मांडायचं आहे.

आधी उलट बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा घेऊ. १९३९ साली बिली हॉलिडे या अमेरिकेतल्या काळ्या जॅझ गायिकेने 'स्ट्रेंज फ्रूट' ध्वनिमुद्रित केलं. शब्द एबल मीरोपोल या न्यूयॉर्कमधल्या शाळामास्तराचे. १९३० साली इंडियाना राज्यात मॅरियन इथे जमावाने दोन काळ्या तरुणांना झाडाला टांगलं होतं, त्याचं छायाचित्र पाहून त्याने ती कविता लिहिली. बिलीच्या नेहमीच्या ध्वनिमुद्रण कंपनीने हे गाणं काढायला नकार दिला, शेवटी एका छोट्या कंपनीने ते काढलं. विसाव्या शतकातल्या सर्वोत्तम गाण्यांच्या याद्यांत ते असतंच, आणि ते योग्यच आहे. ते ऐकून पोटात खड्डा पडला नाही असा माणूस विरळा. आणि तरीही, जमावाने केलेल्या अशा हत्येला संघराज्याच्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरवायला अमेरिकेला मार्च २०२२ उजाडावा लागला. गाण्यानंतर ८३ वर्षं. मधल्या काळात विधेयकांवर विधेयकं आली आणि सिनेटमध्ये अडकली.

याचा अर्थ ते गाणं वाया गेलं असा मी मुळीच करत नाही. पण ते गाणं एकटीने गायचं आणि बाकीच्यांनी स्तब्ध होऊन ऐकायचं होतं. ज्या क्लबमध्ये ते पहिल्यांदा गायलं गेलं तिथे त्या वेळी दिवे मालवत आणि गाणं संपल्यावर ती निघून जाई. त्या गाण्याला झील नाही. ते साक्ष देतं, आणि साक्षीचं मोल मोठं आहे. मात्र साक्ष ऐकून माणूस घरी जातो. त्याने पुढे काय करायचं, कोणाबरोबर करायचं, हे साक्ष सांगू शकत नाही.

याच्या शेजारी जॉर्जिया राज्यातलं ऑल्बनी ठेवून पाहू. डिसेंबर १९६१. तिथे वर्णभेदाविरुद्ध आंदोलन सुरू झालं आणि काही दिवसांतच सातशेहून अधिक लोक अटकेत गेले. तिथल्या महाविद्यालयात शिकणारी बर्निस जॉन्सन नावाची मुलगी सभेत एक जुनं भक्तिगीत म्हणायला उठली. मूळ गाण्यात आपल्या डोक्यावर हवेत संकट भरून राहिलंय, अशा अर्थाची ओळ आहे. गाता गाता तिने 'संकट' हा शब्द काढला आणि तिथे 'स्वातंत्र्य' घातला. एवढंच. बाकीचं गाणं सगळ्यांना पाठ होतं, चाल लहानपणापासून अंगात मुरलेली होती, त्यामुळे पुढच्या ओळीला सगळी सभा नव्या शब्दासह गात होती.

हिशेबाने पाहिलं तर ऑल्बनीचं आंदोलन फसलं. मार्टिन ल्यूथर किंग १९६२ च्या ऑगस्टमध्ये तिथून परतले तेव्हा हातात ठोस काही नव्हतं. पण गाण्याचा धडा ऑल्बनीने दिला. त्याच वर्षी तिथल्या गाणाऱ्यांतून 'फ्रीडम सिंगर्स' हा चौघांचा गट उभा राहिला, देशभर फिरला, विद्यार्थ्यांच्या संघटनेसाठी पैसे गोळा केले आणि जिथे गेला तिथे गाणी शिकवली. शिकवली, हा शब्द मुद्दाम वापरतोय. कार्यक्रम करणं वेगळं आणि गाणं शिकवून पुढच्या गावी जाणं वेगळं. पुढच्या वर्षी बर्मिंगहॅममध्ये शाळकरी मुलं पोलिसी कुत्र्यांसमोर आणि पाण्याच्या फवाऱ्यांसमोर गात उभी राहिली.

भीती ही एकट्या माणसाची असते. कोठडीत, मोर्चाच्या पहिल्या रांगेत, संपाच्या चाळिसाव्या दिवशी माणूस मनातल्या मनात एकटा होत जातो आणि तिथेच लढे मोडतात. गाताना श्वास एकत्र घ्यावा लागतो. स्वीडनमधल्या गोटेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली समूहगायन करणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा गाणाऱ्यांच्या ठोक्यांचा चढउतार एकमेकांशी जुळू लागल्याचं दिसलं. प्रयोग लहान होता आणि त्यावर मोठा इमला चढवू नये. पण ज्याने कधी चारशे माणसांत उभं राहून एखादं पालुपद म्हटलं असेल, त्याला यात नवल वाटणार नाही. आपला आवाज आपल्यालाच ऐकू येईनासा होतो आणि तरी आपण गात असतो. आपण एकटे नाही, हे त्या क्षणी पटवून द्यावं लागत नाही, कानाला कळतं.

आता चालीचा मुद्दा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. झील धरायची तर चाल आधीच येत असली पाहिजे. म्हणून जगातल्या कितीतरी निषेधगीतांनी नवी चाल शोधलीच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फिरत्या मजुरांची एक संघटना होती, 'इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड'. तिचे वक्ते चौकात भाषणाला उभे राहिले की शेजारी धार्मिक संस्थेचा बँड वाजू लागायचा आणि भाषण बुडायचं. मजुरांनी त्याच चालींवर आपले शब्द बसवले. बँड वाजवणाऱ्यांनी फुकटात साथ दिली म्हणायची! १९०९ साली या गाण्यांची खिशात मावणारी लाल पुस्तिका निघाली. या चळवळीचा सगळ्यात गाजलेला गीतकार जो हिल. त्याने एका पत्रात लिहिलेला मुद्दा असा: पत्रक कितीही चांगलं असलं तरी ते एकदाच वाचलं जातं, गाणं मात्र पाठ होतं आणि पुन्हा पुन्हा म्हटलं जातं. १९१५ साली युटा राज्यात त्याला गोळ्या घालून देहदंड दिला गेला. खटल्याबद्दल शंका तेव्हाही होत्या, आजही आहेत.

आपल्याकडे हेच काम जलशाने केलं, आणि मला तर वाटतं अधिक खोलवर केलं. महात्मा फुल्यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला तेव्हाच त्यांनी माध्यमाची निवड करून ठेवली होती. ज्यांच्यापर्यंत पोचायचं त्यांना अक्षर येत नव्हतं, पोवाड्याची चाल मात्र येत होती. पुढे सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला. गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम लोकांच्या अंगवळणी पडलेला होता. त्या क्रमात त्यांनी कर्मकांड, सावकारी आणि जातीचा जाच भरला. करमणुकीला जमलेला माणूस घरी जाताना प्रश्न घेऊन जाऊ लागला. त्यानंतर आंबेडकरी जलसे आले. नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे कितीतरी जण बाबासाहेबांचं म्हणणं वस्त्यावस्त्यांत गाऊन सांगत होते. ज्या कलेच्या निमित्ताने एका समाजाला पिढ्यान् पिढ्या नाचवलं आणि हिणवलं गेलं, त्याच कलेचा साचा त्या समाजाने हक्काची भाषा बोलायला वापरला. यापेक्षा मोठं सामाजिक परिवर्तन कोणतं?

अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचं 'लाल बावटा कलापथक' याच वाटेवरचं. 'माझी मैना गावावर राहिली' ही अण्णा भाऊंची छक्कड आपल्याला इतकी परिचित आहे की तिच्यातली करामत लक्षात येत नाही. सुरुवात पोटासाठी मुंबईला निघालेल्या एका गड्याच्या विरहाची आहे. त्यात राजकारणाचा शब्दही नाही. ऐकणारा गिरणी कामगार, त्याची बायको गावी, तो पहिल्या ओळीलाच आत ओढला जातो. मग मुंबईचं दर्शन होतं, तिथली श्रीमंती आणि तिथली उपासमार. आणि शेवटाकडे तोच विरह खंडित महाराष्ट्राचा होऊन जातो. आपल्या घरातली ताटातूट आणि नकाशावरची ताटातूट यांची गाठ बांधायला एकाही व्याख्यानाची गरज उरत नाही. १ मे १९६० ला राज्य झालं. ते गाण्याने झालं नाही. शंभरावर माणसांनी जीव दिला, निवडणुकीत सत्ताधाऱ्यांना फटका बसला, संयुक्त महाराष्ट्र समितीने विरोधी पक्ष एकत्र आणले. पण मैदानावर लाख माणूस पुन्हा पुन्हा का येत होता, याचं उत्तर शोधताना डफ विसरून चालणार नाही.

गाणं आणि संघटना यांचं नातं समजून घ्यायचं असेल तर एस्टोनियाइतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं दिसत नाही. बाल्टिक समुद्राकाठचा छोटा देश, १९८० च्या दशकात वस्ती पंधरा लाखांच्या आसपास. १८६९ पासून तिथे गाण्याचे महोत्सव भरतात. गावोगावची गायनमंडळं वर्षभर तालीम करतात आणि मग हजारो गायक एका व्यासपीठावर एकत्र गातात. सोव्हिएत राजवटीने महोत्सव बंद केला नाही, ताब्यात घेतला. लेनिन आणि स्टालिनच्या स्तुतीची गाणी गायला लावली. पण गायनमंडळं तशीच राहिली, तालमी तशाच राहिल्या. लिडिया कोइदुला या एकोणिसाव्या शतकातल्या कवयित्रीच्या देशप्रेमाच्या कवितेला गुस्ताव एर्नेसाक्स याने १९४४ साली चाल दिली होती. १९६० च्या महोत्सवात ते गाणं कार्यक्रमपत्रिकेत नसताना लोक आपणहून गायला लागले. पुढे तेच त्या देशाचं अनौपचारिक राष्ट्रगीत झालं.

सप्टेंबर १९८८ मध्ये टॅलिनच्या त्या मैदानावर सुमारे तीन लाख माणसं जमली. देशातल्या दर पाच माणसांमागे एक. पुढच्या वर्षी २३ ऑगस्टला तिन्ही बाल्टिक देशांतल्या सुमारे वीस लाख लोकांनी हातात हात घालून सहाशे किलोमीटरहून लांब साखळी केली. २० ऑगस्ट १९९१ ला एस्टोनियाने स्वातंत्र्य पुनःस्थापित केलं. जग याला 'गाणारी क्रांती' म्हणतं.

हे नाव मला पूर्ण पटत नाही, कारण त्यातून असं वाटतं की लोक गायले आणि रणगाडे वितळले. मॉस्कोत गोर्बाचेव नसते, सोव्हिएत अर्थव्यवस्था आतून पोखरलेली नसती, तर त्या तीन लाखांचं काय झालं असतं कोणास ठाऊक. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. सोव्हिएत संघ खिळखिळा झाला तेव्हा एस्टोनियन लोकांकडे एक तयार यंत्रणा होती. गायनमंडळ म्हणजे काय असतं? दर आठवड्याला ठरल्या वेळी जमणारी माणसं. एकमेकांची नावं ठाऊक असलेली, एका इशाऱ्यावर एकत्र थांबणारी, एकत्र सुरू होणारी माणसं. एवढ्या शिस्तीची, एवढ्या विश्वासाची संघटना उभी करायला एखाद्या पक्षाला वीस वर्षं लागतात. आणि ती शंभरावर वर्षं टिकली होती, शेवटची काही दशकं तर राजवटीच्या डोळ्यांदेखत, राजवटीच्या खर्चाने.

सत्ताधाऱ्यांना गाण्याची भीती का वाटते, याचं उत्तरही इथेच आहे. शब्दांची भीती असती तर पुस्तकं जप्त करून भागलं असतं. दक्षिण आफ्रिकेत व्हुयिसिले मिनी हा कामगार संघटक होता, आवाज भारदस्त. वर्णद्वेषी पंतप्रधान फेर्वूर्ट याला, काळा माणूस येतोय, सावध राहा, असं बजावणारं त्याचं गाणं सभांतून गर्जत असे. ६ नोव्हेंबर १९६४ ला प्रिटोरियात त्याला फाशी दिली गेली. गाणं मात्र पुढची तीस वर्षं मोर्चांत, अंत्ययात्रांत, तुरुंगात चालू राहिलं. चिलीमध्ये ११ सप्टेंबर १९७३ ला लष्कराने सत्ता बळकावली आणि पाच दिवसांच्या आत व्हिक्टर हारा या गायकाला स्टेडियममध्ये हालहाल करून मारलं. त्या स्टेडियमला आज त्याचंच नाव आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये सँटियागोच्या रस्त्यांवर दहा लाखांवर लोक उतरले तेव्हा त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेली मुलं त्याचं गाणं गात होती, त्यांना कोणी शब्द सांगावे लागत नव्हते. हाँगकाँगच्या न्यायालयाने मे २०२४ मध्ये २०१९ च्या आंदोलनातल्या एका गाण्यावर मनाई हुकूम काढला. एवढ्या बलाढ्य सत्तेला एक चाल बंद करावीशी वाटते, यावरून त्या चालीत काय साठलंय ते कळतं.

आणि अर्थ गाणाऱ्यांच्या हातात असतो, हे सत्तेला बऱ्याचदा उमगत नाही. १९५५ पासून जोहान्सबर्गच्या सोफियाटाउनमधून काळ्या लोकांना हुसकावून मेडोलँड्स नावाच्या वसाहतीत नेलं जात होतं. त्या काळात 'मेडोलँड्स' नावाचं एक ठेकेबाज गाणं आलं. आम्ही मेडोलँड्सला जाणार, असं वरवर आनंदाने म्हणणारं. सरकारी अधिकाऱ्यांना वाटलं, स्थलांतराचं स्वागतच चाललंय. गाणाऱ्यांना ठाऊक होतं आपण काय गातोय.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे समूहाने गाणं ही मोठी मंगल गोष्ट आहे. मी तसं म्हणत नाही, आणि या विषयावर लिहिणारे पुष्कळदा इथे डोळे मिटून घेतात म्हणून मला हे स्पष्ट लिहायचं आहे. नाझींनाही झील धरणारे हजारोंनी मिळाले. हॉर्स्ट वेसेलच्या नावाचं त्यांचं गाणं रस्त्यावरच्या टोळ्यांपासून सुरू झालं आणि १९३३ नंतर जवळपास राष्ट्रगीत होऊन बसलं. १९९४ साली रवांडात सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या घरात माणसं मारली गेली. त्या वेळी तिथल्या द्वेषपूर्ण नभोवाणीवर सिमोन बिकिंदी या लोकप्रिय गायकाची गाणी वाजत होती. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००८ साली त्याला पंधरा वर्षांची शिक्षा दिली. शिक्षा गाण्यांसाठी नव्हती, ध्वनिक्षेपकावरून तुत्सी या अल्पसंख्य समाजाला संपवण्याची चिथावणी दिल्याबद्दल होती. पण ती गाणी कोणत्या वातावरणात वाजत होती हे कोणाला विसरता येणार आहे?

एकत्र गाण्याने माणसाची भीती जाते. अन्याय सोसणाऱ्याची भीती गेली तर तो उभा राहतो. हातात सुरा असलेल्याची भीती गेली, शरम गेली, तर काय होतं ते रवांडाने पाहिलं. गाणं हे बळ आहे, त्याला स्वतःचा विवेक नाही. विवेक गाणाऱ्यांनी आणायचा असतो, आणि म्हणूनच गाणं कोणत्या विचाराच्या आणि कोणत्या संघटनेच्या कुशीत वाढतं, हा प्रश्न गाण्याच्या गोडीपेक्षा मोठा आहे.

संघटना नसेल तर चांगल्या बाजूचं गाणंही उघड्यावर पडतं. २०११ च्या सुरुवातीला कैरोच्या तहरीर चौकात रामी इसाम नावाच्या तरुणाने गर्दीच्याच घोषणा गुंफून गाणं केलं: चालता हो. लाखोंनी झील धरली. ११ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष मुबारक पायउतार झाले. ९ मार्चला लष्कराने रामीला पकडून त्याचा छळ केला. २०१४ मध्ये त्याला देश सोडावा लागला, तोवर सत्ता पुन्हा लष्कराच्याच माणसाकडे गेली होती. गाणं कमी पडलं का? मला तसं वाटत नाही. 'चालता हो' म्हणायला लाखो एकत्र आले होते, 'यापुढे काय' हे ठरवायला त्यांच्याकडे एस्टोनियासारखी शंभर वर्षांची तालीम नव्हती.

आजच्या काळाबद्दल मला काळजी वाटते ती इथेच. आज निषेधाची गाणी कमी होतायत असं नाही, उलट रोज नवं येतं. पण ती येतात ती ऐकण्यासाठी. एक कलाकार, उत्तम ध्वनिमुद्रण, उत्तम चित्रफीत, आणि खाली आकडा: इतक्या लाख लोकांनी पाहिलं. कानात बोळे घालून एकटा माणूस बसमध्ये ते ऐकतो, त्याचं रक्त तापतं, तो ते पुढे पाठवतो आणि खिडकीबाहेर बघत बसतो. त्याचा संताप खरा आहे, त्याला नावं ठेवण्याचं मला काही कारण नाही. पण त्याच्या मागे-पुढे झील धरायला कोणी नाही. तो पुन्हा एकटाच.

दोष तंत्रज्ञानाचा मानायला मी तयार नाही. २०२२ साली इराणमध्ये महसा अमिनी या तरुणीच्या पोलिसांच्या ताब्यातल्या मृत्यूनंतर शेरविन हाजीपूर याने लोकांनी समाजमाध्यमांवर लिहिलेली वाक्यं जोडून गाणं केलं. काही तासांत ते देशभर पोचलं, त्याला अटक झाली, पण तोवर विद्यार्थी ते एकत्र गात होते. शब्द त्यांचेच होते! २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये चिलीतल्या वाल्पाराइसो इथल्या चार बायकांनी बलात्काराच्या दोषाचं बोट स्त्रीकडून वळवून गुन्हेगाराकडे आणि व्यवस्थेकडे रोखणारं एक गाणं-नाच रस्त्यावर सादर केलं. साधा ठेका, डोळ्यांवर पट्टी, बोट पुढे. काही आठवड्यांत मेक्सिकोपासून पॅरिसपर्यंत बायका ते आपापल्या भाषेत करत होत्या. इस्तंबूलमध्ये पोलिसांनी ते उधळलं, तर तुर्की संसदेत महिला खासदारांनी बाकं वाजवून त्याचे शब्द म्हटले. पसरलं ते इंटरनेटवरूनच. पण पाहून भागत नव्हतं, ते उभं राहून करावं लागत होतं, आणि एकटीने करता येत नव्हतं.

म्हणून आज जे निषेधाची गाणी लिहितात, त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. सुंदर लिहाच. पण चाल अशी ठेवा की गळा नसलेल्यालाही ती पेलेल. पालुपद लहान ठेवा. आणि शब्दांत जागा सोडा, म्हणजे उद्या दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या प्रश्नाशी झगडणाऱ्या माणसाला आपला शब्द तिथे घालता येईल. जे संघटना चालवतात त्यांना सांगायचं ते असं, की सभेच्या शेवटी उरलेल्या वेळात गाणं उरकू नका. ते शिकवा. दर आठवड्याला म्हणा. कलाकाराला बोलावून टाळ्या वाजवणं सोपं आहे, पण कलाकार दुसऱ्या दिवशी निघून जातो.

'वी शॅल ओव्हरकम' हे जगातलं सगळ्यात जास्त गायलं गेलेलं निषेधगीत असावं. आपल्याकडे गिरिजाकुमार माथुरांच्या हिंदी शब्दांत ते शाळाशाळांतून पोचलं. ते कोणी लिहिलं? काळ्यांच्या चर्चमधल्या एका जुन्या गीताची त्यात पाळंमुळं आहेत. १९४५-४६ मध्ये चार्ल्सटनच्या तंबाखू कारखान्यात संप झाला, तेव्हा पावसाळी थंडीत कारखान्याच्या दारात ठाण मांडलेल्या संपकरी काळ्या बायकांनी ते गायलं. लुसिल सिमन्स ही त्यांतली एक, ती ते अगदी संथ लयीत म्हणायची. तिथेच कुठेतरी 'मी' जाऊन 'आम्ही' आलं. मग ते टेनेसी राज्यातल्या हायलँडर या प्रौढशिक्षणाच्या शाळेत पोचलं आणि तिथून चळवळीत. पुढे काही गायकांच्या नावाने त्याची स्वामित्वहक्क-नोंदणी झाली, मिळकत चळवळीच्याच निधीत जात राहिली, आणि शेवटी २०१८ मध्ये न्यायालयीन तडजोडीने ते सगळ्यांचं झालं. खरं तर ते पहिल्यापासून सगळ्यांचंच होतं.

त्यातलं एक कडवं हायलँडरमध्येच जन्मलं. जुलै १९५९. काळे आणि गोरे एकत्र राहतात, शिकतात म्हणून ती शाळा राज्याच्या डोळ्यांत सलत होती. एका रात्री पोलिसांनी धाड घातली. दिवे घालवले. अंधारात बॅटऱ्या फिरत होत्या, सामान उचकटलं जात होतं, आणि खोलीत मॉन्टगोमेरीहून आलेली शाळकरी मुलं बसली होती. कोणीतरी ते गाणं सुरू केलं. मेरी एथेल डोझियर नावाची चौदा वर्षांची मुलगी त्यांत होती. आम्ही भीत नाही, अशी गाण्यात नसलेली ओळ तिने अंधारातच घातली, आणि बाकीच्यांनी ती उचलली. ती सांगते, एक पोलीस तिच्याजवळ आला, त्याचा हात थरथरत होता, आणि त्याने विचारलं, गायचंच असेल तर इतक्या मोठ्याने गायलाच हवं का?

मुलांनी आवाज आणखी चढवला.